हरलेल्या मॅचमधले शेवटचे दोन गोल : मुलींची यूथ हँडबॉल वर्ल्ड चॅम्पियनशिप चालते कशी

परवा रविवारी बहिणीकडे नेरूळला गेले होते. जेवणं झाली आणि भाची सोफ्यावर आडवी पडून मोबाईलवर कुठलीतरी हँडबॉलची जुनी मॅच बघत बसली. ती नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये विंगला खेळते. मी पण डोकावले. एक टीम पाच गोलनी मागे, घड्याळात जेमतेम चाळीस सेकंद उरलेले, आणि त्या मागे पडलेल्या टीमच्या कोचने चक्क टाइमआऊट घेतला. मुलींना गोळा करून बोर्डवर रेघोट्या मारत जीव तोडून काहीतरी समजावत होता. म्हटलं अगं हरलेत की हे, चाळीस सेकंदात पाच गोल कुठून आणणार, मग एवढा आटापिटा कशाला? तर म्हणे, "असतं तसं मावशी, तुला नाही कळणार."

आता मला नाही कळणार म्हटल्यावर मी गप्प बसणाऱ्यातली नाही. सानपाड्याला परत येईपर्यंत आणि नंतरचे तीन-चार दिवस रात्री मी हेच वाचत बसले होते आणि आता मला कळलंय, निदान त्या टाइमआऊटचं तरी कळलंय, आणि ते इतकं भारी आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही. पण त्याच्यासाठी आधी थोडा खेळ समजून घ्यायला लागेल, कारण आपल्याकडे हँडबॉल म्हटलं की निम्म्या लोकांना फुटबॉलमध्ये हाताला बॉल लागतो तो फाऊल आठवतो.

तर हँडबॉल म्हणजे फुटबॉलचे गोलपोस्ट, बास्केटबॉलसारखं बॉल आपटत पळणं, आणि मधोमध कबड्डीची झोंबाझोंबी. 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद कोर्ट. एका टीमच्या सात जणी मैदानात, त्यातली एक गोलकीपर. गोलपोस्ट 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच. गोलसमोर 6 मीटरवर एक अर्धगोल रेघ असते, आतल्या भागाला आपल्याकडची मुलं "डी" म्हणतात, त्या डीमध्ये फक्त गोलकीपरने पाय ठेवायचा, बाकी कुणीच नाही, ना अटॅकवाली ना डिफेन्सवाली. मग गोल कसा मारतात? तर बाहेरून उडी मारायची आणि हवेत असतानाच बॉल सोडायचा. पाय जमिनीला टेकायच्या आत बॉल हातातून सुटला की झालं, मग आत पडलात तरी चालतं. कबड्डीत बोनस घेताना दुसरा पाय हवेत पाहिजे असतो ना, तसलीच नजर इथे रेफरीला ठेवायला लागते. भाची विंगवरून म्हणजे अगदी कोपऱ्यातून अशी उडी मारते आणि दर वेळी तिची आई डोळे मिटून घेते, कारण शाळेचं ग्राउंड म्हणजे काही लाकडी कोर्ट नाही, खाली पडलं की गुडघा गेलाच.

बॉल हातात घेऊन तीन पावलं टाकता येतात, तीन सेकंद धरता येतो. मुलींचा बॉल छोटा असतो, घेर 54 ते 56 सेंटीमीटर आणि वजन 325 ते 375 ग्रॅम, म्हणजे हाताच्या पंज्यात धरता येईल असा. परदेशातल्या मोठ्या मॅचमध्ये खेळाडू बोटांना चिकट राळ लावून खेळतात म्हणून तो बॉल हाताला अक्षरशः चिकटलेला दिसतो. आपल्याकडे ऑगस्टमधल्या घामाने ओल्या झालेल्या हातांनी खेळायचं म्हणजे काय होत असेल विचार करा.

सोळा वर्षांच्या वरच्यांची मॅच 30-30 मिनिटांची, मधे ब्रेक. साठ मिनिटांत एकेक टीम पंचवीस-तीस गोल सहज करते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्याच्यावर आहे. फुटबॉलमध्ये 1-0 ला हरलं काय नि 3-0 ला हरलं काय, गोलच इतके कमी असतात की तिथल्या तिथे हिशोब संपतो. हँडबॉलमध्ये 24-25 आणि 24-27 यात वरवर बघता काहीच फरक दिसत नाही. पण असतो.

शिक्षा पण कळून घ्या पटकन. पहिल्यांदा पिवळं कार्ड, मग दोन मिनिटं बाहेर. ती दोन मिनिटं तुमची टीम एक माणूस कमी घेऊन खेळते, मधे गोल खाल्ला तरी ती मुलगी लवकर परत येत नाही, पूर्ण दोन मिनिटं बसायचं. तीन वेळा दोन मिनिटं झाली की लाल कार्ड आणि मॅचमधून बाहेर. निळं कार्ड पण असतं, ते लालच्या नंतर दाखवतात, म्हणजे प्रकरण लेखी रिपोर्टमध्ये जाणार, पुढच्या मॅचवरही बंदी येऊ शकते. आणि वेळकाढूपणा चालत नाही. आपण पुढे आहोत म्हणून नुसताच बॉल इकडून तिकडे फिरवत बसलात की रेफरी हात वर करतो, तिथून पुढे जास्तीत जास्त चार पास, तेवढ्यात शॉट मारायचाच नाहीतर बॉल समोरच्यांना. आधी सहा पास मिळायचे, 2022 च्या जुलैपासून चार केले. कबड्डीतल्या डू ऑर डाय रेडसारखंच आहे हे, खेळा नाहीतर निघा.

आणि टाइमआऊट. प्रत्येक टीमला मॅचमध्ये तीन मिळतात, एका हाफमध्ये दोनच्या वर नाही, आणि शेवटच्या पाच मिनिटांत फक्त एक. तो सुद्धा बॉल आपल्याकडे असतानाच मागता येतो, कोच टेबलवर हिरवं कार्ड नेऊन ठेवतो. म्हणजे चाळीस सेकंद उरले असताना कोचने जपून ठेवलेला तो एक टाइमआऊट वापरला. उगाच नाही वापरला.

आता वर्ल्ड चॅम्पियनशिपकडे येते. मुलींची यूथ वर्ल्ड चॅम्पियनशिप म्हणजे अंडर-18. पहिली 2006 मध्ये कॅनडात झाली. मोठ्या बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप 1957 पासून आहे आणि ज्युनिअर म्हणजे आत्ताची अंडर-20 ची 1977 पासून, त्यामानाने यूथ ही घरातली धाकटी. भरवते आंतरराष्ट्रीय हँडबॉल फेडरेशन, त्यांचं ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये बाझलला. जाता जाता एक गोष्ट, जी मला खूप आवडली, की बर्लिनमध्ये 1917 साली माक्स हायझर नावाच्या माणसाने या खेळाचे नियम पहिल्यांदा नीट लिहून काढले ते बायकांसाठी. पुरुषांना झोंबाझोंबी कमी वाटली म्हणून दोनेक वर्षांत कार्ल शेलेन्स नावाच्या दुसऱ्याने नियम बदलून त्यांच्यासाठी केला. म्हणजे "मुलींचा हँडबॉल" असं जे आपण वेगळं काढून म्हणतो ना, ते खरं तर उलटं पाहिजे.

स्पर्धा दर दोन वर्षांनी, सम वर्षात होते. 2020 ची क्रोएशियात होणार होती ती कोविडमुळे रद्दच झाली. 2022 ची नॉर्थ मॅसेडोनियात स्कोपियेला झाली, 2024 ची चीनमध्ये चुझौला, ती स्पेनने जिंकली.

वयाचा नियम वाचायला सोपा आहे पण त्यात एक खोच आहे आणि ती मला भाचीला सांगायची की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. नियम असा की ज्या वर्षी स्पर्धा त्यातून 18 वजा करायचे, त्या वर्षाच्या 1 जानेवारीला किंवा नंतर जन्म पाहिजे. 2024 साठी 1 जानेवारी 2006, 2026 साठी 1 जानेवारी 2008, 2028 साठी 1 जानेवारी 2010. आता बघा, 2008 ला जन्मलेली मुलगी 2026 मध्ये टीममधली सगळ्यात मोठी, ताकद आलेली, उंची झालेली. 2009 ला जन्मलेली पण 2026 मध्येच खेळणार, कारण 2028 मध्ये ती वयात बसतच नाही, पण ती एक वर्षाने लहान. बरं पुढे अंडर-20 मध्ये तरी हिशोब बरोबर होईल म्हणावं, तर अंडर-20 पण सम वर्षातच असते! म्हणजे विषम वर्षात जन्मलेली मुलगी यूथमध्ये पण लहान गटातली आणि ज्युनिअरमध्ये पण. आयुष्यभर एक वर्ष मोठ्या ताईंशी धक्के खात. 31 डिसेंबरच्या रात्री अकराला जन्म आणि साडेबाराला जन्म यात केवढा फरक पडला बघा, सोळा-सतरा वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे खूप असतं, चार-पाच किलोचा आणि एक साइज मोठ्या बुटांचा फरक असतो. भाची 2011 ची.

टीम कशा येतात? प्रत्येक खंडाला जागा ठरलेल्या, यजमानाला थेट प्रवेश, बाकीच्यांनी आपापल्या खंडाच्या स्पर्धेतून यायचं. युरोपला सगळ्यात जास्त जागा, कारण तिथे हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटसारखा गल्लीगल्लीत आहे. आपल्याला आशियाई यूथ स्पर्धेतून जायला लागतं.

आणि आता खरा मुद्दा. एकूण 32 टीम. आठ ग्रुप, प्रत्येकात चार. प्रत्येक टीम आपल्या ग्रुपमधल्या तिघींशी खेळते. जिंकलं की 2 पॉइंट, बरोबरी 1. इथपर्यंत आपल्याला सगळं ओळखीचं. पहिल्या दोघी पुढे जातात, मेन राउंडला. खालच्या दोघी? त्या घरी जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रेसिडेंट्स कप म्हणून वेगळी स्पर्धा आहे, 17 ते 32 नंबर ठरवायची. नाव एवढं भारदस्त की वाटावं हेच मोठं बक्षीस आहे. हसू नका पण. यात पॉइंट असा आहे की जगातल्या सगळ्यात कमजोर टीमला पण पूर्ण स्पर्धाभर मॅच मिळत राहतात, आणि त्याही आपल्या तोडीच्या टीमशी.

आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2022 ला मुलींच्या अंडर-17 फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल झाली होती, स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं होतं, आठवत असेल. त्या वर्ल्ड कपमध्ये भारताच्या मुली यजमान म्हणून खेळल्या, भुवनेश्वरला तीन मॅच, तिन्ही हरल्या, अमेरिकेकडून तर 0-8. आणि संपला वर्ल्ड कप. कितीतरी महिने कॅम्प, तयारी, आणि तीन मॅच. हँडबॉलची रचना असती तर त्या मुली पुढेही खेळत राहिल्या असत्या, कदाचित एखादी जिंकल्या पण असत्या. आपल्या शाळांच्या स्पर्धा तर बहुतेक बाद पद्धतीच्या, भाचीची टीम मनपास्तरावर सकाळी सातला रिक्षा करून गेली, एक मॅच हरली आणि साडेदहाला वडापाव खाऊन घरी. वर्षभराचा हँडबॉल एका सकाळीत आटोपला.

मेन राउंडला जाताना जे होतं ते नीट बघा, सगळा खेळ इथेच आहे. सोळा टीम उरल्या, त्यांचे परत चार-चारचे चार ग्रुप करतात. नवीन ग्रुपमध्ये दोघी एका जुन्या ग्रुपमधून येतात आणि दोघी दुसऱ्या. एकाच ग्रुपमधून आलेल्या दोघी परत आपसात खेळत नाहीत, कारण त्या खेळून झाल्यात. मग ती जुनी मॅच तशीच उचलून नवीन टेबलमध्ये ठेवतात. पॉइंट पण, गोल पण. आणि बाकीच्या दोन मॅच, म्हणजे ज्या टीम खाली राहिल्या त्यांच्याशी खेळलेल्या, त्या पुसून टाकतात. जणू झाल्याच नाहीत.

क्रिकेटवाल्यांना हे अगदीच नवीन नाही, 2007 च्या वर्ल्ड कपमध्ये सुपर एटला असंच पॉइंट बरोबर न्यायचे, पण आपण भारतीय तेव्हा बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच राउंडमध्ये घरी आलो होतो, त्यामुळे सुपर एटचं गणित करायची वेळच आली नाही.

आता माझ्या डोक्यातल्या टीम घेऊन सांगते, म्हणजे पटकन कळेल. समजा एका ग्रुपमध्ये नेरूळ, वाशी, ऐरोली, घणसोली. नेरूळच्या मुली जबरदस्त, ऐरोलीला 40-12 ने धुतलं, घणसोलीला 35-15 ने. फक्त वाशीकडून हरल्या, 24-27. वाशी काही एवढी भारी नाही, ऐरोलीला कसंबसं 22-21 हरवलं, घणसोलीशी 26-26 बरोबरी. वाशीचे पॉइंट 5, नेरूळचे 4, दोघी पुढे. गोलांचा फरक बघितला तर नेरूळ अधिक 45 आणि वाशी फक्त अधिक 4. बघणारा कुणीही म्हणेल नेरूळच सरस, एक दिवस वाईट गेला इतकंच.

पण मेन राउंडला काय घेऊन गेले? नेरूळची त्या दोन मॅचमधली अधिक 48 ची कमाई घणसोली-ऐरोलीबरोबर गेली कचऱ्यात. उरली ती एकच मॅच, 24-27. म्हणजे वाशी 2 पॉइंट आणि अधिक 3, नेरूळ 0 पॉइंट आणि उणे 3. शून्यातून नाही, खड्ड्यातून सुरुवात.

दुसऱ्या बाजूने आले ठाण्याचे नौपाडा आणि कळवा, त्यात नौपाड्याने कळव्याला हरवलंय, म्हणजे नौपाडा 2, कळवा 0. आता नेरूळच्या मुली पेटून उठल्या, कळव्याला हरवलं, नौपाड्याला पण 28-26 ने हरवलं. दोनपैकी दोन जिंकल्या, 4 पॉइंट. वाशीने कळव्याला हरवलं पण नौपाड्याकडून 28-30 हरले, वाशीचे पण 4. नौपाड्याचे पण 4. तिघींचे सारखे! आणि क्वार्टर फायनलला जाणार फक्त दोघी.

अशा वेळी नियम असा की ज्यांचे पॉइंट सारखे त्यांच्याच आपसातल्या मॅच बघायच्या, बाकी सगळं बाजूला. आपसात तिघी एकेक जिंकल्यात, एकेक हरल्यात. मग आपसातल्या गोलांचा फरक. वाशी, नेरूळवर अधिक 3, नौपाड्याविरुद्ध उणे 2, म्हणजे अधिक 1. नौपाडा, वाशीवर अधिक 2, नेरूळविरुद्ध उणे 2, म्हणजे 0. नेरूळ, नौपाड्यावर अधिक 2, वाशीविरुद्ध उणे 3, म्हणजे उणे 1. नेरूळ बाहेर! पाचपैकी चार मॅच जिंकलेली, दोन टीमना वीस आणि अठ्ठावीस गोलांनी धुतलेली टीम बाहेर, आणि ऐरोलीला एका गोलने कसंबसं हरवलेली वाशी आत.

आता त्या पहिल्या मॅचमध्ये परत जा. समजा नेरूळ 24-27 च्या ऐवजी 24-25 ने हरले असते. हरलेच असते, पॉइंट शून्यच, त्या दिवशी घरी जाऊन रडलेच असते. पण मग हिशोब असा होतो, नेरूळ अधिक 1, नौपाडा 0, वाशी उणे 1. नेरूळ आत, वाशी बाहेर. कागद पेन घेऊन करून बघा, मी तीन वेळा केलं, बहिणीला फोन करून पण सांगितलं, ती म्हणाली कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, नंतर बोल.

म्हणजे हरलेल्या मॅचच्या शेवटच्या मिनिटात वाशीने जे दोन फालतू गोल मारले, जेव्हा नेरूळच्या मुलींनी खांदे पाडले होते, त्या दोन गोलांनी आठवड्याभराने नेरूळला घरी पाठवलं. तो चाळीस सेकंदवाला कोच याच्यासाठी ओरडत होता. मॅच हातातून गेलीय, पाच गोलनी हरायचं की तीन गोलनी, एवढंच उरलंय आणि ते एवढंच नाहीये. प्रेसिडेंट्स कपला जाणाऱ्यांना पण हाच नियम, तिथेही आपल्या ग्रुपमधल्या दुसऱ्या टीमशी झालेला निकाल बरोबर येतो. फक्त गंमत अशी की पहिल्याच दिवशी तुम्हाला माहितीच नसतं कुठली मॅच बरोबर येणार आणि कुठली पुसली जाणार. तुमच्याबरोबर कोण पुढे येतंय ते ठरल्यावरच कळतं. म्हणून प्रत्येक मॅच शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळायची, मग पुढे असा नाहीतर मागे. जिंकणारी टीम पण शेवटच्या मिनिटात थांबत नाही, लोकांना वाटतं किती माजलेत, हरलेल्यांना अजून कशाला मारता. माज नाही, बेरीज आहे ती.

खरं सांगायचं तर मला सुरुवातीला हा नियम अन्यायाचा वाटला. नेरूळने मेहनतीने केलेली ती अधिक 48 ची कमाई का पुसायची? पण मग लक्षात आलं की नाहीतर काय झालं असतं, जी टीम ग्रुपमधल्या सगळ्यात दुबळ्या मुलींना जास्त तुडवेल तिला फायदा. 40-12 ची मॅच 50-8 कशी होईल यावर सगळ्यांचा डोळा. यूथ लेव्हलला काही देशांच्या टीम अगदी नवख्या असतात, त्यांना तुडवून क्वार्टर फायनल गाठता येऊ नये हे बरोबरच आहे. तुमच्या तोडीच्या टीमशी तुम्ही काय केलंत तेवढंच मोजायचं. तरी पण नेरूळसाठी वाईट वाटतंच, टीम काल्पनिक असली तरी.

मेन राउंडच्या चार ग्रुपमधून दोन-दोन म्हणजे आठ, त्यांची क्वार्टर फायनल, सेमी, फायनल. तिथून नेहमीसारखं बाद पद्धत. हरलेल्या परत खालच्या नंबरांसाठी खेळतातच. शेवटपर्यंत पोचलेली टीम तीन, दोन आणि तीन अशा आठ मॅच खेळते, दहा-बारा दिवसांत. आठ तास कबड्डी समजा, दहा-बारा दिवसांत, सतरा वर्षांच्या मुलींनी. म्हणून टीममध्ये सोळा जणी असतात आणि ज्या कोचला सोळाव्या मुलीला पण खेळवता येतं तोच शेवटी टिकतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे 2022 ची साऊथ कोरिया. स्कोपियेला गेलेल्या या मुली समोरच्या युरोपियन टीमपेक्षा अंगाने बऱ्याच लहान, आणि हँडबॉलमध्ये उंची म्हणजे काय ते बॅकला खेळणाऱ्या कुणालाही विचारा, डिफेन्सच्या डोक्यावरून शॉट मारायचा असतो. त्या आधी ही स्पर्धा युरोपच्या बाहेर कुणी कधी जिंकलीच नव्हती. कोरियाने आठच्या आठ मॅच जिंकल्या, आणि आठही युरोपियन टीमविरुद्ध. फायनलला डेन्मार्क, 31-28. किम मिनसो त्या स्पर्धेची बेस्ट प्लेअर ठरली. त्या मॅच बघितल्यात तर कळेल, त्या उंचीशी भांडतच नाहीत, पळतात. बॉल मिळाला की समोरच्यांचा डिफेन्स उभा राहायच्या आत गोल, आणि डिफेन्सला पुढे येऊन अंगावर जायचं, मागे भिंत करून उभं राहायचं नाही. खो-खो खेळलेल्या मराठी मुलीला ते बघून घरचं वाटेल असं काहीतरी आहे त्यात, चपळाई आणि शेवटच्या क्षणी दिशा बदलणं.

आणि भारत? अंडर-20 च्या मुलींनी मार्च 2022 मध्ये कझाकस्तानात अल्माटीला आशियाई ज्युनिअर स्पर्धा जिंकली, शेवटच्या मॅचमध्ये थायलंडला 41-18 ने हरवून. पहिल्यांदाच. त्याच वर्षी स्लोव्हेनियात ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपला पण खेळल्या. मोठ्या बायकांची आशियाई चॅम्पियनशिप डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीत झाली, जपानने फायनलमध्ये कोरियाला 25-24 ने हरवलं. आपल्या पेपरात यातलं किती आलं होतं ते मी सांगायला नको. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर 2023 ला पुरुषांची पहिली प्रीमियर हँडबॉल लीग महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकली, हे मला भाचीने सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी स्वतःला स्पोर्ट्स बघणारी समजते.

तर काल संध्याकाळी परत नेरूळला गेले, मुद्दाम. भाचीला सगळं समजावलं, वहीच्या मागच्या पानावर वाशी-नौपाडा-नेरूळचं टेबल काढून. ती ऐकत होती, मधेच म्हणाली, "मावशी, कळव्याचं काय झालं?" म्हटलं तिन्ही हरले, पुढच्या नंबरांसाठी खेळतील. मग तिने वही ओढून घेतली आणि समजा नौपाड्याने वाशीला दोनच्या ऐवजी एका गोलने हरवलं असतं तर काय, ते करत बसली. नौपाडा आणि नेरूळ दोघी उणे 1 निघाल्या. आता पुढे काय बघायचं, मी म्हटलं तिघींच्या आपसातल्या मॅचमध्ये एकूण गोल कुणी जास्त मारले ते, आणि आम्ही दोघी बेरजा करत बसलो.

मग मी ते जन्मवर्षाचं पण सांगून टाकलं. दोन मिनिटं गप्प बसली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "आई, दोन महिने थांबली असतीस तर काय झालं असतं गं?"

भाचीचा वाढदिवस तीन नोव्हेंबरला असतो.